कॅमेऱ्याची जुनी पिशवी कशी साफ करावी?

अनेक शाळांच्या कपाटात एक फिल्मचा कॅमेरा पडून असतो. एके काळी त्याने सहली, स्नेहसंमेलने आणि दहावीचे निरोप समारंभ टिपलेले असतात. आता ते काम मोबाईल करतो. तरीही विज्ञानाच्या शिक्षकाच्या दृष्टीने हा कॅमेरा टाकाऊ नाही. त्याची मागची बाजू उघडावी, शटर 'बी'वर ठेवून दाबून धरावे आणि फिल्मच्या जागी ट्रेसिंगचा कागद धरावा. खिडकीबाहेरचे झाड त्या कागदावर उलटे होऊन उमटते. फळ्यावर किरणाकृती काढून जे तासभर सांगावे लागते ते मुलांना क्षणात दिसते.

या प्रयोगासाठी म्हणून कोणी कॅमेरा बाहेर काढायला जातो आणि पिशवीचे झाकण उघडताच कुबट वासाचा भपकारा येतो. अस्तरावर पांढुरके ठिपके, पट्ट्याच्या रिव्हेटभोवती हिरवट थर, तळाशी वाळू आणि कोपऱ्यात चुरा झालेला पिवळा स्पंज. मग बहुतेक ठिकाणी जे होते ते असे : पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवतात, ब्रशने खसाखसा घासतात, कडक उन्हात टांगतात आणि वरून कोरडी लागली की कॅमेरा आत ठेवून देतात. सोबत दोन डांबरगोळ्याही टाकतात. यातली जवळजवळ प्रत्येक कृती कॅमेऱ्याचे किंवा पिशवीचे नुकसान करणारी आहे, आणि एकदोन तर मुलांच्या प्रकृतीलाही अपायकारक आहेत. पिशवी साफ करणे म्हणजे मुख्यतः तिच्यातले पाणी काढणे. ते पाणी नेमके कोठे असते हे आधी पाहू.

पाणी लपते कोठे?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांचा आकार साधारणपणे दोन ते दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या काही पट. त्यांना कपाटातून हद्दपार करणे कोणालाच शक्य नाही. पण नुसत्या बीजाणूने काही होत नाही. तो रुजायला अन्न आणि पाणी लागते. अन्न पिशवीत भरपूर असते : कापसातील सेल्युलोज, चामड्यातील स्निग्ध पदार्थ, घामाचे आणि बोटांचे डाग, सहलीतल्या चिवड्याचे कण. पाणी मात्र हवेतून यावे लागते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक बुरशींची वाढ होत नाही. ७०च्या वर गेली की ती सुरू होऊ शकते. जुलैमध्ये कोकणपट्टीत ही आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास असते. बुरशीला याहून चांगले दिवस कोणते!

पिशवीवरची बुरशी दिसायला वाईट दिसते, एवढेच. खरे नुकसान भिंगाचे होते. बुरशीचे तंतू भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि सेंद्रिय आम्ले स्रवतात. या आम्लांनी भिंगावरचा पातळ लेप झिजतो आणि पुढे काचही कोरली जाते. तंतू पुसता येतात, पण कोरलेली नक्षी पुसता येत नाही.

आता थोडे गणित करू. पिशवीत दहा लिटर हवा मावते असे समजा. ३० अंश सेल्सिअसला बाष्पाने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. आर्द्रता ९० टक्के असेल तर २७ ग्रॅम. म्हणजे दहा लिटर हवेत अवघे ०.२७ ग्रॅम पाणी, पाचसहा थेंब.

आणि कापडात? सुती कापड हवेतील बाष्प शोषून घेते. ५५ टक्के आर्द्रतेला ते आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी बाळगते, तर ९० टक्के आर्द्रतेला सुमारे १२ टक्के. पिशवीत ६०० ग्रॅम सुती कॅनव्हास आणि अस्तर असेल, तर कोरड्या हिवाळ्यातून दमट जुलैत येताना ती जवळजवळ ३६ ग्रॅम पाणी पिते. हाताला हे कापड ओले मुळीच लागत नाही. पण पिशवीतल्या हवेत असलेल्या पाण्याच्या शंभरपटीहून अधिक पाणी तिच्या कापडात असते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, बूट-चपलांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड ग्रॅम पाणी धरते. ३६ ग्रॅमसाठी अशा चोवीस पुड्या लागतील. दमट पिशवीत एक पुडी टाकून निश्चिंत होणे म्हणजे विहीर वाटीने उपसणे आहे. दोन, पिशवी पाण्यात बुडवली तर हा हिशेब ग्रॅमांवरून थेट अर्ध्या-पाऊण लिटरवर जातो आणि त्यातले बरेचसे पाणी स्पंजाच्या छिद्रांत जाऊन बसते, जेथे वारा पोचत नाही.

पॉलिएस्टर या बाबतीत अगदी निराळे. ६५ टक्के आर्द्रतेला ते जेमतेम ०.४ टक्के पाणी धरते; नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे पिशवी कशाची आहे यावर पुढची सगळी कृती अवलंबून राहते.

पिशवीची जात ओळखणे

चामडे, कॅनव्हास आणि नायलॉन हे तीन मुख्य प्रकार. चामडे आणि रेक्झिन यांत घोटाळा होतो, तेव्हा कापलेली कड पाहावी. रेक्झिनच्या कडेला विणलेले कापड दिसते, चामड्याच्या कडेला तंतूंचा गुंता दिसतो. ती कड आरपार तपकिरी असेल तर चामडे बहुधा वनस्पतिज टॅनिनने कमावलेले असते. आतून निळसर करडी असेल तर क्रोमियमच्या क्षारांनी. कापड ओळखायला आतल्या शिवणीतला सुटा धागा काढून तो चिमट्यात धरून शिक्षकांनी स्वतः जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी होतो. हा मणी बोटाला चिकटला तर चांगलाच भाजतो, म्हणून धागा मुलांच्या हाती देऊ नये.

काम सुरू करण्यापूर्वी

कॅमेरा आणि भिंगे बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवावीत. पिशवी उघड्या जागेत न्यावी, वर्गात नव्हे. बुरशीच्या धुळीने दम्याच्या रोग्याला झटका येऊ शकतो. चाळीस मुलांच्या वर्गात असे एखादे मूल असतेच, म्हणून बुरशी काढण्याचे काम मोठ्यांनीच करावे. नाकावर एन-९५ मास्क असावा. २०२०पासून तो घरोघरी ठाऊक झाला आहे. नुसता रुमाल बांधून बारीक बीजाणू अडत नाहीत. हातात रबरी मोजे घालावेत.

मग खिसे तपासावेत. जुन्या पिशवीत सर्वांत घातक वस्तू बहुधा बुरशी नसून विसरलेला सेल असतो. अल्कलाइन सेल फुटला की त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साईड पाझरते आणि हवेतील कार्बन डायॉक्साईडशी संयोग होऊन त्याचे पांढरे पिसासारखे स्फटिक तयार होतात. साध्या झिंक-कार्बन सेलमधून निघणारा द्राव मात्र आम्लधर्मी असतो. कोणता ते ओळखण्यासाठी ओला लिटमस कागद लावावा. निळा झाला तर व्हिनेगरचे काही थेंब, लाल झाला तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट. मग ओल्या फडक्याने पुसावे. उदासिनीकरणाच्या धड्याला इतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पण डोळ्यांवर चष्मा हवाच. प्रकाशमापक असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांत बटणाएवढा पाऱ्याचा सेल असे. तो सापडला तर झाकणाच्या डबीत घालून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा, केराच्या टोपलीत टाकू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आधी वाळवा, मग झाडा

ताजी बुरशी ओलसर आणि चिकट असते. ती घासली तर पसरते आणि कापडात मुरते. म्हणून पिशवी सगळे कप्पे उघडे ठेवून दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. बुरशी सुकून भुकटीसारखी झाली की मऊ ब्रशने, वाऱ्याकडे पाठ करून, आपल्यापासून दूर झाडावी. घरगुती व्हॅक्युम क्लीनर वापरण्याचा मोह आवरावा. त्याचा साधा गाळ बीजाणू अडवत नाही, उलट मागच्या बाजूने ते खोलीभर फेकतो. ज्यांच्यात हेपा गाळणी असते ते चालतात.

वाळूच्या बाबतीत थोडी अधिक काळजी घ्यावी. वाळूतील क्वार्ट्झची काठिण्यपातळी मोज यांच्या मापनश्रेणीत ७ आहे आणि भिंगाची काच साधारणपणे त्याहून मऊ असते. शिवणीत अडकलेला एक कण भिंगावर कायमचा ओरखडा काढू शकतो. पिशवी उलटी करून, शिवणी उकलून पाहत, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने कोपरे साफ करावेत.

यानंतर स्पिरिट. औषधांच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. त्याचे सात भाग आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे तीन भाग असे मिश्रण करावे. शुद्ध अल्कोहोल अधिक जोरकस ठरेल असे वाटते, पण तसे नाही. प्रथिनांची रचना मोडण्यासाठी थोडे पाणी लागतेच. सुती फडके या मिश्रणात किंचित भिजवून अस्तर पुसावे, आणि फडक्याची घडी सारखी बदलत राहावी. याने तंतू मरतात, मात्र सगळे बीजाणू मरत नाहीत. त्यामुळे स्पिरिटने पुसले म्हणजे निर्जंतुक झाले असे समजू नये. पुसल्यानंतर पिशवी कोरडी ठेवता आली तर उरलेले बीजाणू निरुपद्रवी पडून राहतात, नाही ठेवता आली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रुजतात. स्पिरिटची वाफ आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेते. जवळ उदबत्ती, डासांची कॉइल, स्टोव्ह काहीही पेटलेले असू नये.

बुरशी लागलेली पिशवी जाळून टाकावी, नाहीतर ती इतर सामानाला 'लागते', असे काही जुने छायाचित्रकार सांगतात. आमच्या मते ही भीती अतिरंजित आहे. बीजाणू तसेही सर्वत्र आहेतच; बुरशी वाढेल की नाही हे आर्द्रता ठरवते.

चामडे : घाई करू नये अशी वस्तू

जुन्या कॅमेऱ्यांना त्यांच्या मापाचे चामडी आवरण असे. भारतात तयार झालेल्या आणि घराघरांत पोचलेल्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याची अशी आवरणे आजही माळ्यावर सापडतात. यांच्यावर दिसणारी प्रत्येक पांढरी गोष्ट बुरशी नसते आणि प्रत्येक हिरवी गोष्ट शेवाळ नसते.

आधी पांढऱ्याचे पाहू. चामड्यातील स्निग्ध पदार्थ कालांतराने पृष्ठभागावर येऊन गोठतात आणि पांढरी साय धरते. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा क्षणभर लांबून सोडावी. साय असेल तर वितळून दिसेनाशी होते. बुरशी होती तशीच राहते. भिंगातून पाहिल्यास बुरशीचे तंतूही दिसतात. साय असेल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसणे एवढाच उपाय पुरेसा आहे.

हिरवा थर बहुतेक वेळा रिव्हेट, बक्कल यांच्याभोवतीच असतो. पितळेतील तांबे आणि चामड्यातील स्निग्धाम्ले यांच्या संयोगाने तांब्याचा मेणासारखा हिरवा साबण तयार होतो. तो लाकडी दातकोरणीने अलगद खरवडावा, उरलेला स्पिरिटच्या कापसाने पुसावा. लोखंडी सुई वापरू नये, पितळ आणि चामडे दोन्हींवर चरे पडतात. तांब्याचे क्षार पोटात जाणे बरे नव्हे, हात धुवावेत.

बाकी चामड्याला पाणी जितके कमी तितके चांगले. घरातला कपड्यांचा किंवा अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० असतो. कमावलेले चामडे आम्लधर्मी असते. साबणाने टॅनिन आणि तेले सुटू लागतात आणि चामडे कडक होते. पाण्यात सौम्य द्रव अपमार्जकाचे दोन-तीन थेंब घालून, फडके घट्ट पिळून, हलक्या हाताने पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. स्पिरिट वापरायचे असेल तर आधी आतल्या बाजूला एका ठिपक्यावर लावून पाहावे. कित्येकदा रंग सुटून येतो.

ऊन मात्र नको. चामड्याचा सांगाडा कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. वनस्पतिज टॅनिनने कमावलेले ओले चामडे ७० ते ८० अंशांच्या सुमारास आकसते, आणि जीर्ण चामड्यात हे तापमान पुष्कळ खाली येते. काळ्या वस्तूचा पृष्ठभाग एप्रिल-मेच्या उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज जातो. ओली चामडी पिशवी उन्हात टांगणे म्हणजे ती सावकाश शिजवणे आहे. एकदा आकसलेले कोलॅजेन पूर्ववत होत नाही, जसे उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही.

काही जुन्या आवरणांना हात लावताच तांबूस भुकटी बोटांना लागते. हा चामड्याचा क्षय आहे. याचा शोध घेणाऱ्यांत एक फार मोठे नाव आहे : मायकेल फॅरडे. १८४०च्या दशकात लंडनच्या अथेनियम क्लबातील चामडे कुजत होते, आणि फॅरडे यांनी त्याचा संबंध गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त धुराशी जोडला. गंधकाचे ऑक्साईड चामड्यात शोषले जाऊन त्याचे आम्ल होते आणि ते तंतू तोडते. वनस्पतिज टॅनिनने कमावलेल्या चामड्याला याचा त्रास अधिक. अशा आवरणाला पाणी लावले तर ते काळे पडते आणि लाकडासारखे कडक होते. येथे साफसफाईचा नाद सोडावा. आवरण कागदात गुंडाळून खोक्यात ठेवावे, आणि कॅमेरा दुसऱ्या पिशवीत घालावा.

खोबरेल तेलाबद्दल विचारणा हमखास होते. थोडे तेल लावल्याने चामडे मऊ आणि चमकदार दिसते हे खरे. पण ते तेल बुरशीचे अन्न होते, धूळ धरते, शिवाय खोबरेल २४-२५ अंशांना गोठत असल्यामुळे थंडीत पुन्हा पांढरी साय दिसू लागते आणि मालक समजतो की बुरशी परत आली. आमचा सल्ला, लावू नये.

कॅनव्हास आणि मिठाची गोष्ट

कॅनव्हास ही त्यातल्या त्यात सोशिक जात. आतला स्पंज सुटा निघत असेल तर बाहेरचे कापड खुशाल गार पाण्यात, सौम्य अपमार्जकाने धुवावे. मेण लावलेला कॅनव्हास असेल तर फक्त ओल्या फडक्याने पुसावा. गरम पाण्याने मेण निघून जाते.

एका बाबतीत पाण्याला पर्यायच नाही. पिशवी समुद्रकिनारी वापरलेली असेल तर तिच्यात मीठ असते. मिठाची मौज अशी की सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत ते कोरडे राहते, आणि ७५ ओलांडली की हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे होते तेच. त्यामुळे हर्णै किंवा कळंगुटच्या वाळूवर ठेवलेली पिशवी कितीही वाळवली तरी पहिल्या पावसात पुन्हा ओलसर होते. स्पिरिटमध्ये मीठ फारसे विरघळत नाही. ते पाण्यानेच काढावे लागते, दोन-तीनदा पाणी बदलून. शंका असेल तर शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहावे. पांढरा साका आला तर मीठ अजून आहे. अर्थात ही परीक्षा नळाच्या नव्हे, ऊर्ध्वपातित पाण्यानेच करावी. नळाच्या पाण्यात क्लोराईड असतेच.

नायलॉन आणि चुरा होणारा स्पंज

नायलॉनच्या पिशवीच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. पंधरा-वीस वर्षांनी तो चिकट होतो, त्याच्या पापड्या सुटतात आणि आंबूस वास येतो. हा मळ नव्हे. काही प्रकारच्या पॉलियुरेथेनमध्ये एस्टर बंध असतात आणि हवेतल्या पाण्याने ते तुटतात. रसायनशास्त्रात याला जलापघटन म्हणतात. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की घन पदार्थ चिकट होतो. तो धुऊन पूर्ववत होणार नाही, उलट धुण्याने ही क्रिया वाढते. स्पिरिटच्या फडक्याने चिकटा चोळून काढून टाकावा, नाहीतर पिशवी टाकून द्यावी.

कप्प्यांतला पिवळा स्पंजही बहुधा पॉलियुरेथेनचाच. त्याचा चुरा होऊ लागला की तो वाचवायचा प्रयत्न करू नये. ही चिकट धूळ कॅमेऱ्यात शिरते आणि शटरच्या पात्यांवर बसते. अस्तराची शिवण उसवून स्पंज काढावा, आणि टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात जो पांढरा लवचीक फोम येतो त्याचे तुकडे कापून घालावेत. तो पॉलिएथिलीनचा असतो आणि पुष्कळ टिकाऊ असतो. मोडताना कुरकुरणारा, दाणे सुटणारा थर्माकोल मात्र उपयोगाचा नाही.

काय वापरू नये

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, चामड्याचा आणि नायलॉनचा नाश करते. त्यात संडास धुण्याचे आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात असे झाल्यास जिवावर बेतू शकते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले फॉर्मॅलिन बुरशी मारते हे खरे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. डांबरगोळ्या कसर मारतात. त्या पाण्याचा बंदोबस्त करत नाहीत, म्हणजे बुरशीचे मूळ तसेच राहते. वर त्यांची वाफ गार भिंगावर पुन्हा गोठते. याहून गंभीर म्हणजे ज्या मुलांत जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनने फुटतात. आपल्याकडे अशी मुले दुर्मीळ नाहीत, आणि बहुतेकांना आपल्यात हा दोष आहे हे ठाऊकही नसते. कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत निरुपद्रवी वाटते, पण ओला पाला म्हणजे पिशवीत पाणीच ठेवणे झाले.

वाळली हे कसे ओळखावे?

हाताने नव्हे. बोटाला पृष्ठभाग कळतो, स्पंजाचा गाभा कळत नाही. प्रयोगशाळेत आम्ही कोणताही पदार्थ वाळवताना 'स्थिर वजन' येईपर्यंत थांबतो, आणि हीच रीत येथे लागू पडते. स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा पुरतो. पिशवी रोज एकाच वेळी तोलावी, वजन वहीत लिहावे आणि दिवस-वजन असा आलेख काढावा. सुरुवातीला रेषा झपाट्याने उतरते, मग आडवी होऊ लागते. लागोपाठ तीन दिवस वजनात दोन-तीन ग्रॅमांपेक्षा फरक पडला नाही की पिशवी वाळली. बुरशी काढून झाल्यावरचे हे काम मुलांना बिनधास्त द्यावे.

मात्र वजन स्थिर झाले याचा अर्थ पिशवी आणि भोवतालची हवा यांचा समतोल झाला, इतकाच. जुलैत वाळवलेल्या पिशवीचे वजन स्थिर होईल, पण ते ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेशी जुळलेले असेल. पंख्याने पाणी लवकर उडते. शेवटी किती उरेल हे पंखा ठरवत नाही. म्हणून हे काम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा थंडीत काढावे. कोकणापेक्षा देशावर, आणि त्याहून विदर्भात, ते सोपे जाते. पावसाळ्यातच करणे भाग असेल तर वातानुकूलित संगणक कक्षात पिशवी चार दिवस उघडी ठेवावी.

नंतर कॅमेरा ठेवायचा कोठे?

पिशवीत नाही. पिशवी प्रवासासाठी, मुक्कामासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात पन्नास-शंभर ग्रॅम सिलिका जेल. डबा स्वतः पाणी धरत नसल्याने येथे जेलला फार काम पडत नाही. निळे दाणे पाणी धरल्यावर गुलाबी होतात ते त्यातील कोबाल्ट क्लोराइडमुळे. हे संयुग आरोग्याला घातक मानले जाते, तेव्हा शाळेसाठी नारंगी दाण्यांचे जेल घ्यावे. ते भरले की १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. भाजलेले तांदूळ घालण्याची युक्ती आम्हाला पटत नाही. तांदळाचे पीठ उडते आणि तेही बुरशीचे खाद्यच.

पूर्वी छायाचित्रकार कपाटात पंधरा वॅटचा दिवा लावून ठेवत. त्यामागचे गणित साधे आहे. ३० अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा ३६ अंशांपर्यंत तापवली तर ती ४२ ग्रॅम बाष्प धरू शकते, म्हणजे सापेक्ष आर्द्रता ६२ टक्क्यांवर येते. पाण्याचा एक थेंबही न काढता. एलईडी दिवा मात्र येथे निरुपयोगी. त्याने कपाट तितके तापत नाही.

डब्यात ठेवायला आर्द्रतामापक घेतला तर तो आधी तपासून घ्यावा, कारण स्वस्त मापके दहा-दहा टक्क्यांनी चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी त्याचा ओला लगदा करावा. विरघळू देऊ नये. हे झाकण आणि मापक एका पारदर्शक पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत, खोलीचे तापमान २० असो की ३५. जो फरक येईल तो मापकाच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवावा.